कंसातलं बठ्ठं

पोटॅशियम सल्फेटचं सूत्र काय, असं मी विचारलं, तर ती फरशीकडे बघत म्हणाली, "झिरो झिरो पन्नास."

मे महिन्यातली दुपार होती. जळगावजवळच्या पिंप्राळ्यातल्या माझ्या घरात कूलरचं पाणी संपलं होतं आणि उठून ते भरायचा मला कंटाळा आला होता. क्षणभर वाटलं, पोरीला ऊन लागलं. मग डोक्यात उजेड पडला. केळीवाल्यांच्या घरात खताला नावानं कोण ओळखतं? थैलीवरचे आकडे हेच त्याचं नाव. नत्र शून्य, स्फुरद शून्य, पालाश पन्नास, झालं झिरो झिरो पन्नास. मी मुद्दाम पोटॅशियम नायट्रेट विचारलं. तर म्हणाली, तेरा झिरो पंचेचाळीस. उत्तर तसं चुकीचं नव्हतं म्हणा. थैली बरोबर ओळखली होती, फक्त बोर्डाच्या पेपरात थैली चालत नाही.

मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं हेच शिकवत आले आहे की पोरं चुकायच्या आधीच मला चूक ऐकू येते. ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर मॅडम, नाही घेतला तर कोणी नाही, आणि उरलेल्या वेळात घरी क्लास. रसायनशास्त्रावर माझं एके काळी प्रेम होतं. आता त्याचा संसार झाला आहे. सोडियमला एक हात, कॅल्शियमला दोन हात, सल्फेटला दोन, नायट्रेटला एक, असं दरवर्षी नव्या तोंडांपुढे तेच बोलताना मधेच माझाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटतो.

पण ही झिरो झिरो पन्नासची चूक मात्र नवी होती. कबूल करते, मला त्या दुपारी हसू आलं होतं. ते मी दाबलं, कारण बाहेर पोर्चमध्ये तिचे सासरे बसले होते.

त्यांना सगळे आबा म्हणायचे, म्हणून मीही आबाच म्हणायचे. रावेरच्या पुढचं त्यांचं गाव, घरची केळीची बाग. पहिल्या दिवशी ते सुनेला मोटारसायकलवर घेऊन आले आणि चपला काढून दारातच उभे राहिले. या म्हटलं तरी आत येईनात. सून बारावी सायन्स, पण केमिस्ट्रीत नापास. बाकीचे विषय सुटलेले. लग्न झालं, पुस्तकं माहेरीच राहिली. आता तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि बारावी पास नसेल तर नर्सिंगवाले दारात उभं करत नाहीत. नवरा सुरतेला नोकरीला, त्याचं म्हणणं, आबा म्हणतील तसं. आणि आबांचं म्हणणं त्यांनी मला तिथंच, दारात उभ्या उभ्या ऐकवलं.

"येकदाच बसवतो मॅडम. पास झाली तं नर्सिंगले घालू, माहा शब्द हाये. नाही झाली तं मंग पुस्तकं बांधून ठेवायची. घरी कामं कमी हायेत का?"

यात राग नव्हता की दरडावणी नव्हती. बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं. सून त्यांच्या मागे, डोक्यावरून पदर, नजर खाली. जुलैमधली पुरवणी परीक्षा म्हणजे तिच्या आयुष्यातली एकच खेप होती, हे आम्हा तिघांनाही स्वच्छ ठाऊक होतं.

मग दर रविवारी ती यायची आणि आबा पोर्चमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर माझ्या स्कूटरशेजारी बसून राहायचे. उन्हाचे परत कुठे जाणार, आणि सुनेला एकटीला एसटीनं पाठवायचं त्यांच्या मनाला येत नव्हतं. दरवाजा उघडा, म्हणून खोलीतलं सगळं बाहेर ऐकू जायचं. त्यामुळे बाईसाहेबांचा आवाजच निघायचा नाही. विचारलं तर ओठ हलायचे, पंख्याचा आवाज तेवढा यायचा. मी म्हणायचे, मोठ्यानं बोल. ती आणखी हळू बोलायची. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेल्या माणसाला मिठांची सूत्रं शिकवायची, म्हणजे माझ्या नशिबाची कमालच झाली.

त्यात ते कंसाचं लफडं. कॅल्शियमचे हात दोन, नायट्रेटचा एक, म्हणून एका कॅल्शियमला दोन नायट्रेट लागतात. नायट्रेट कंसात घालायचं आणि कंसाबाहेर खाली दोन लिहायचा. इथवर ती बरोबर यायची. मग मोलर मास काढायला सांगितलं की तो दोन फक्त ऑक्सिजनला लावायची. कॅल्शियमचे चाळीस, नायट्रोजनचे चौदा, ऑक्सिजन सहा म्हणून शहाण्णव, एकूण दीडशे. उत्तर एकशे चौसष्ट. पुन्हा करायला सांगितलं, पुन्हा दीडशे. अमोनियम सल्फेट दिलं, तिथंही तोच घोळ. मी फळ्यावर केलं, वहीत केलं, पेनाच्या टोपणांनी करून दाखवलं. तिनं मान हलवली आणि परत दीडशे लिहिले.

एका रविवारी माझा जीव अगदी मेटाकुटीला आला. आदल्या दिवशी कॉलेजात पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही हे कोणी धड सांगितलं नव्हतं. रात्रभर वीज नव्हती. डोकं ठणकत होतं. तिनं दीडशे लिहिले आणि मी पेन आपटून म्हणाले, "अगं बठ्ठं! कंसमा जे शे ते बठ्ठं दोनदा!"

बोलून गेले आणि मीच थांबले. शे म्हणजे आहे, बठ्ठं म्हणजे सगळं. हा आमच्या धुळ्याकडचा शब्द. मी मूळची शिरपूरकडची. माझ्या आईच्या तोंडात दिवसातून शंभरदा बठ्ठा, बठ्ठी, बठ्ठं असायचं. मी शिकायला जळगावला आले तेव्हा वर्गात कोणीतरी ओठ मुरडले. मग मी जीभ घासून घासून अशी गुळगुळीत केली की आज माझ्या शेजाऱ्यांनाही मी पुण्याची वाटते. हा शब्द माझ्या तोंडून किती वर्षांनी निघाला, मला आठवत नाही. डोकं दुखत होतं म्हणून निघाला.

तिनं मान वर केली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यात बघितलं.

"अक्का, तुम्ही आपलाकडन्या शेतस?" तिनं विचारलं. तोवर मी मॅडम होते. त्या दिवसापासून अक्का झाले.

तिचं माहेर शिंदखेड्याकडे, कोरडवाहू कापसाचं. मग तिनं हळू आवाजात, एक डोळा दाराकडे ठेवून, मला सांगितलं. लग्नानंतर पहिल्याच सणाला घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. सासूबाईंनी विचारलं, झालं का गं? ती चुलीपुढून म्हणाली, बठ्ठा सयपाक व्हयी गया. त्यावर बायका पोट धरधरून हसल्या. त्यांच्याकडची बोली वेगळी, तिथं शे नाही, बठ्ठा नाही. वाईट मनानं कोणी हसलं नव्हतं, असं तिनंच मला दोनदा सांगितलं. पण मग आळीतल्या पोरांनी तिला बठ्ठीबाई नाव पाडलं. पाणी भरायला निघाली की, बठ्ठीबाई आली. एकदा आबाही हसले. तेव्हापासून ती हो आणि नाही एवढ्यावर भागवायची. त्यांची बोली नीट जमत नाही, आपली बोलायची सोय नाही, आणि पुस्तकातली बोलली तर म्हणायचे, बघा, साहेबीण आली.

मला तिची कीव नाही आली, राग आला. कोणाचा ते नेमकं सांगता येणार नाही. म्हटलं, ते राहू दे, आता कॅल्शियम नायट्रेट कर. तिनं मनाशी पुटपुटत केलं, कंसातलं बठ्ठं दोनदा, आणि उत्तर आणलं दोनशे चार.

आता कॅल्शियमलाही दोननं गुणलं होतं. मी डोळे मिटून घेतले. बठ्ठं म्हटलं तर हिनं खरंच बठ्ठं धरलं. मग परत समजावलं, कंस म्हणजे घर. घरातल्या माणसांना बठ्ठं, दाराबाहेरच्याला नाही. सूत्राच्या आधी मोठा दोन असेल तर मात्र अख्खी गल्ली दुप्पट. ती हसली. खरंच, आवाज करून हसली. बाहेरची खुर्ची करकरली आणि ती लगेच गप्प झाली. पण तिनं एकशे चौसष्ट आणले. ते नंतर कधी चुकले नाहीत.

त्यानंतर गाडी बऱ्यापैकी चालली. दुहेरी विस्थापन शिकवायला घेतलं तेव्हा तिचं तीच म्हणाली, हे तर साटंलोटं. या घरची तिकडे, त्या घरची इकडे. म्हटलं, अगदी तसंच. कॅल्शियम नायट्रेट आणि पोटॅशियम सल्फेट पाण्यात एकत्र आले की कॅल्शियम सल्फेटच्या घरात जातो आणि पोटॅशियम नायट्रेटकडे. त्यातली एक जोडी पाण्यात विरघळून सुखानं राहते, दुसरी पांढरा साका होऊन तळाशी बसते. हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं होतं, दोन्ही तिच्या घरच्या थैल्या म्हणून. त्यात माझी हुशारी वगैरे काही नव्हती, पुस्तकातलं चांदीचं उदाहरण सांगायचा कंटाळा आला होता इतकंच. प्रात्यक्षिकाच्या तयारीत हेही झालं, की साका कार्बोनेटचा असेल तर ॲसिड टाकल्यावर फसफसून विरघळतो, सल्फेटचा असेल तर ढिम्म हलत नाही. तिनं ते लिहून घेतलं.

परीक्षा तोंडावर आली होती. जून लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता आणि ऊन नुसतं भाजत होतं. एक दिवस, रविवार नसताना, ती भर दुपारी दारात उभी. एकटीच. हातात मी दिलेली पुस्तकं, नखांत पांढरं काहीतरी गच्च बसलेलं, डोळे सुजलेले.

पुस्तकं परत करायला आली होती. बागेचं ठिबक बंद पडलं होतं. नळ्यांच्या बारीक छिद्रांतून पाणी येईना, सगळ्यांत पांढरा गाळ. असल्या उन्हात केळीला चार दिवस पाणी नाही म्हणजे पानं करपतात, घड काळे पडतात. घरातली सगळी माणसं दिवसभर वाकून एकेक छिद्र टाचणीनं मोकळं करत होती. आबांनी सांगून टाकलं होतं, बाग मार्गी लागेपर्यंत कोणी कुठे जायचं नाही. परीक्षेचं तिनं विचारलं नव्हतं आणि त्यांनी काढलं नव्हतं. आबा ठिबकच्या दुकानात गेले होते, तेवढ्यात पुस्तकं देऊन ये म्हणून तिला माझ्याकडे सोडून गेले.

मी तिला पाणी दिलं. म्हटलं, हा गाळ आला कुठून? मला कळायला हवं होतं, पण त्या क्षणी खरंच डोकं चाललं नाही.

तिनं टेबलावरचा कागद ओढला आणि न विचारता समीकरण लिहिलं. कॅल्शियम नायट्रेट, कंस, बाहेर दोन. अधिक पोटॅशियम सल्फेट. बाण. कॅल्शियम सल्फेट, त्याच्यापुढे खाली जाणारा बाण. अधिक पोटॅशियम नायट्रेट, आणि त्याच्याआधी मोठा दोन. दोन्ही बाजू जुळलेल्या होत्या. महिनाभरात इतकं स्वच्छ समीकरण तिनं कधी लिहिलं नव्हतं. शिक्षिका म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र तिच्या नखांतल्या पांढऱ्याकडे बघितलं.

तिनं ते बघितलं होतं. ठिबकातून खत सोडायच्या टाकीशी ती बादली घेऊन उभी होती. एक थैली आबांनी आधीच ओतलेली होती आणि दुसरी फाडत होते. मजूर आला नव्हता, दोन फेऱ्या करायचा त्यांना वैताग आला होता, म्हणून एकदमच उरकायला निघाले होते. तिला कळलं होतं, की आता साटंलोटं होणार. टाकीतलं पाणी दुधासारखं झालेलंही तिनंच आधी पाहिलं.

"माले माहीत व्हतं अक्का," ती म्हणाली. "बठ्ठं माहीत व्हतं."

मी चिडले. चिडले म्हणजे चांगलीच चिडले. मग तोंड का नाही उघडलंस, जीभ काय बागेत पुरली होतीस का, असं बरंच काही बोलले. तिनं ऐकून घेतलं. नखातलं पांढरं दुसऱ्या नखानं काढत राहिली. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी पोरीला झापते आहे, पण आदल्या आठवड्यात प्राचार्यांच्या खोलीत मी स्वतः काय केलं होतं? तासांचं विचारायला गेले होते आणि पंखा छान आहे, एवढंच बोलून परत आले होते. मग मी तिचा रिकामा पेला पुन्हा भरला.

मोटारसायकलचा आवाज आला. आबा या वेळी आत आले. दारात थांबले नाहीत, थेट येऊन बसले आणि पाणी मागितलं. माणूस आठवडाभरात दहा वर्षांनी म्हातारा झालेला दिसत होता. चेहरा काळवंडलेला, शर्टाच्या बाहीवर तेच पांढरं. हातातल्या कॅनकडे बोट करून म्हणाले, दुकानदारानं ॲसिड दिलं आहे, नळ्यांमधून सोडलं की सगळं सुटेल. नेहमी चुना धरतो तेव्हा हेच करतात. आज संध्याकाळी सोडायचं.

ॲसिडनं सल्फेट हलत नाही. मी तोंड उघडलं. खरं सांगते, मला ते सांगून टाकून मोकळं व्हायचं होतं. मॅडम म्हणाल्या म्हणून त्यांनी ऐकलंही असतं. "आबा," एवढंच मी म्हणाले.

"आबा, ॲसिडनं ते निंघाव नही," ती म्हणाली. उभी होती, पदर डोक्यावर, पण नजर खाली नव्हती. "तो चुना नही शे. दोन्ही खतं एकच टाकीमा टाकानं नव्हतं. नळ्यांना शेवट बठ्ठा उघडा आणि साधं पाणी जोरमा सोडा. आते ओलं शे तवलोंग निंघी जाई. ॲसिडमा दिवस गया तर कडक व्हयी जाई."

हे सगळं एका दमात, तिच्या माहेरच्या बोलीत, जशी येईल तशी. ते टेबलावरचं समीकरण तिनं त्यांच्याकडे सरकवलंही नाही.

आबांनी पेला खाली ठेवला. हसले नाहीत. मग विचारलं, "मी टाकत होतो तं तू तढीच होती ना?"

"व्हती."

"मंग बोलली काऊन नाही?"

मला वाटलं, आता ही रडणार. रडली नाही.

"तुम्ही बठ्ठा हसतस म्हणीसन," ती म्हणाली.

आबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, बाहीवरच्या त्या पांढऱ्याकडे बघत बसले. मग उठले, कॅन माझ्या टेबलाखाली सरकवला, इथंच राहू द्या म्हणाले आणि बाहेर जाऊन गाडी चालू केली. ती पुस्तकं टेबलावर ठेवून निघाली. फाटकाशी आबांनी मागे वळून बघितलं आणि तिला काहीतरी म्हणाले. ती परत आली आणि पुस्तकं घेऊन गेली.

बाग सगळी वाचली नाही. बऱ्याच नळ्या सुटल्या, काही बदलाव्या लागल्या, एका बाजूची पानं करपली ती करपलीच. परीक्षेला आबांनीच तिला जळगावला आणलं, असं तिनं नंतर सांगितलं. पेपर कसा गेला विचारलं, तर म्हणाली, कंसाचं एक आलं होतं. त्याहून जास्त मीही विचारलं नाही. पुढची बॅच सुरू झाली होती, आणि पुढच्या बॅचमध्ये कॅल्शियम नायट्रेटचे पुन्हा दीडशे आले होते.

निकालाच्या दिवशी मी भाजी निवडत होते. फोन वाजला, आबांचा होता. मी हॅलो म्हटलं, तर पलीकडे मोटरचा आवाज आणि आबांचा श्वास. सवय नसलेला शब्द तोंडात आणताना माणूस अडखळतो, तसे ते जरा अडखळले.

"मॅडम, सून पास झाली," ते म्हणाले. "आता बठ्ठं पास."

मी बरं म्हटलं. मग त्यांनी विचारलं, धुळ्याला नर्सिंगचा फॉर्म कधी निघतो, आणि तिथं हॉस्टेलवर जेवण बरं असतं का. मी म्हटलं, विचारून सांगते. फोन ठेवला आणि मेथीची जुडी तशीच मांडीवर घेऊन धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजचा नंबर शोधायला लागले.